गावातली बारव जपायची आहे? आधी सातबारा काढा

"आमच्या गावातही एक बारव आहे. आत बाभळी उगवल्यात, लोक कचरा टाकतात. साफ करून पर्यटनस्थळ करायचं आहे, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न परभणी-हिंगोलीकडून येतो, नगर-नाशिककडून येतो आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या पण जीव गावात अडकलेल्या पोरांकडून तर हमखास येतो. उत्तर थोडक्यात असं: सुरुवात कागदांपासून. फावडं बरंच नंतर आणि पर्यटक सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की बारवेला रंग लागतो, कमान उभी राहते, उद्घाटनाचे फोटो निघतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात आत परत बाभळी दिसतात.

इथे बारवेचं उदाहरण घेतलंय, कारण गावाला तिचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. पाणी कुणाला नको असतं? पण पडकं हेमाडपंती देऊळ, ओळीने लावलेले वीरगळ (लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड), ढासळलेली वेस किंवा गढी हाती घेतली तरी बहुतेक पायऱ्या याच आहेत.

आपल्याकडे काय आहे ते आधी बघा

पायऱ्यांनी खाली उतरून पाण्यापर्यंत जाता येतं ती बारव. कुठे तिला पायविहीर म्हणतात, कुठे पुष्करणी, कुठे पोखरण, कुठे नुसतं कुंड. जुन्या कागदांत यातलं कुठलंही नाव सापडू शकतं, म्हणून सगळी नावं डोक्यात ठेवा. शिल्पशास्त्रात उतरण्याच्या वाटांवरून प्रकार सांगितलेत: एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन जया आणि चारही बाजूंनी उतरता येत असेल तर विजया. आपली कुठली ते पंधरा मिनिटांत ठरतं आणि पुढे गावातल्या पोरांना सांगायला पहिली गोष्ट मिळते.

सगळ्या बारवा एका साच्याच्या नसतात. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात. साताऱ्याजवळ लिंब-शेरीची बारा मोटांची विहीर अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, आणि तिच्यात चक्क एक छोटा महाल आहे. तिथल्या शिलालेखामुळे ती वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ मध्ये बांधली, हे आज सांगता येतं. शिलालेख नसता तर तीही 'पांडवांनी एका रात्रीत बांधली' या खात्यात जमा झाली असती. तुमच्या बारवेतही देवळीत, चौकटीच्या पट्टीवर किंवा पायरीच्या कडेला अक्षरं आहेत का, ते साफसफाईच्या आधी शोधा.

अक्षरं सापडली तर खडूने, चुन्याने किंवा पिठाने भरू नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर दगडाच्या एका बाजूने, जवळजवळ दगडाला टेकवून टॉर्च धरा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. वेगवेगळ्या बाजूंनी टॉर्च धरून फोटो काढा आणि जाणकारांना पाठवा. विद्यापीठाचा इतिहास विभाग, पुण्याचं डेक्कन कॉलेज, १९१० पासून काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळ, यांपैकी कुठेतरी वाचणारा माणूस भेटतोच. देवनागरी दिसली म्हणून स्वतःच वाचन जाहीर करायची घाई नको. चुकीचं वाचन एकदा वर्तमानपत्रात छापून आलं की ते गावातून काढणं गाळ काढण्यापेक्षा अवघड.

कागद

तलाठी कार्यालयात जा. (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) बारव कुठल्या गट क्रमांकात येते ते काढा. गावठाणात असेल तर नोंद ग्रामपंचायतीकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडे मिळेल. शेतात असेल तर सातबारा बघा आणि त्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. विहिरीतले हिस्से तिथेच असतात. चार भावांत वाटणी झालेली बारव असेल, तर एका भावाची परवानगी ही परवानगी नव्हे. देवस्थान इनामाची जमीन असेल तर देवस्थानचे विश्वस्त आणि धर्मादाय आयुक्तांकडची नोंदही बघावी लागते. मराठवाड्यात जुने कागद उर्दूत किंवा मोडीत निघतात. वाचता येत नाहीत म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याच वेळा खरी गोष्ट त्यातच असते.

मग दुसरा प्रश्न: वास्तू संरक्षित आहे का? तीन शक्यता आहेत.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यादीत असेल तर १९५८ चा केंद्रीय कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. नियम मोडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागतो आणि मालक म्हणजे राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय असं समजून चाला. त्याच्या विभागीय कार्यालयात सहायक संचालक बसतात, त्यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एक दगडही हलवू नका. उत्साही तरुण मंडळी इथेच वैतागतात. तरी अर्ज द्या, पोचपावती घ्या, महिन्याने पुन्हा जाऊन या. राज्य संरक्षित स्मारकांसाठी 'महाराष्ट्र वैभव' नावाची संगोपन योजनाही आहे, तिच्यात संस्था देखभालीची जबाबदारी घेऊ शकते.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा निघते: वास्तू कुठल्याच यादीत नाही. म्हणजे रान मोकळं, असं अनेकांना वाटतं. उलट अशा ठिकाणी तुम्हाला अडवणारं कुणी नसतं, म्हणून जबाबदारी वाढते. मालकाचं किंवा ग्रामपंचायतीचं लेखी संमतीपत्र घ्या आणि कामाची माहिती सहायक संचालकांना पत्राने कळवून ठेवा. परवानगी लागत नसली तरी कळवा. पुढे काही सापडलं तर हेच पत्र कामाला येतं.

आणि सापडतं. गाळात मूर्ती, नाणी, तांब्याची भांडी निघतात. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात तहसीलदारांना बोलवा आणि पंचनामा करून घ्या. मूर्ती सापडली की गावात पहिली सूचना येते, 'इथेच प्रतिष्ठापना करू'. भावना समजण्यासारखी आहे. पण पंचनाम्याआधी मूर्ती धुऊन शेंदूर लावला, तर ती कुठल्या काळातली हे सांगणं जवळपास संपलं. हे बोलणं काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत करून ठेवा, मूर्ती समोर आल्यावर कुणी ऐकत नाही.

माणसं

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी एखाद्या ग्रामसभेत विषय मांडा आणि ठराव करून घ्या. ठरावात फक्त 'साफसफाई' लिहू नका. देखभाल कोण करणार, मिळालेले पैसे कुठल्या खात्यात जाणार, पाणी कोण वापरणार, हे तिन्ही लिहून घ्या. शेवटच्या मुद्द्यावर सभा तापेल. तापू द्या. साफ झालेल्या बारवेत दुसऱ्याच महिन्यात कुणाची तरी मोटर पडलेली दिसण्यापेक्षा ते बरं.

सभेआधी म्हाताऱ्या माणसांकडे जा, घरोघरी, एकेकट्याने. नळ येण्याआधी पाणी कुठून भरायचे? बारवेवर कुठला सण व्हायचा? नवी नवरी पाणी पूजायला कुठे जायची? कोणत्या कोनाड्यात कुठला देव होता? म्हाताऱ्या बायकांना जास्त माहीत असतं, कारण पाणी त्यांनीच वाहिलेलं असतं. फोनवर बोलणं रेकॉर्ड करा, आधी विचारून.

एक प्रश्न मात्र टाळू नका: कुणाला या पाण्यावर येऊ दिलं जात नव्हतं? २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, ते ज्या बंदीविरुद्ध होतं ती बंदी एकट्या महाडची नव्हती. तुमच्या गावात वेगळा हौद होता का, वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं का, हे ज्यांनी भोगलं त्यांच्या घरात अजून माहीत असतं. 'गावाचा वारसा' म्हणून जी वास्तू आज आपण मिरवणार आहोत, तिच्या पायऱ्यांवर अर्ध्या गावाला पाय ठेवता येत नसेल, तर त्या अर्ध्या गावाने श्रमदानाला का यावं? समितीत सगळ्या वस्त्यांतली माणसं घ्या, बायका घ्या, आणि जे कळलं ते पुढे फलकावर लिहायची तयारी ठेवा. हा भाग गोडगोड करून टाकलेली कामं फार टिकत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या गावांत बारव एका गल्लीची होऊन बसते.

पाण्याचा मुद्दाही सभेत नीट मांडा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. प्यायला नाही तरी जनावरांना, झाडांना, धुण्याभांड्याला बारवेचं पाणी चालतं, हे म्हटलं की वारशाबद्दल काडीचीही आस्था नसलेला माणूस खुर्ची पुढे ओढतो.

साफसफाईच्या आधी नोंद

हे काम कंटाळवाणं आहे आणि वगळलं तर भरून निघत नाही. रानटी झाडी काढली की वास्तू बदलते, गाळ काढला की आणखी बदलते. आधीची अवस्था पुन्हा मिळत नाही.

चारही दिशांनी फोटो काढा, मग प्रत्येक भिंतीचे, मग प्रत्येक कोनाड्याचे. फोटोत मापासाठी पट्टी ठेवा, नसेल तर शाळेतली लाकडी मोजपट्टीही चालते. उत्तर कुठे ते कागदावर बाण काढून दाखवा. टेपने लांबी-रुंदी, पायऱ्यांची संख्या, पाण्याची पातळी आणि तारीख लिहा. जवळच्या इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर कॉलेजच्या मुलांना बोलावलं तर ती मोजमापाचा नकाशा काढून देतात, त्यांनाही प्रकल्प हवाच असतो. निखळलेले दगड जिथे पडलेत तिथेच त्यांचा फोटो घ्या आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. क्रमांक ऑइल पेंटने दगडावर लिहायचा नाही, सुतळीला चिठ्ठी बांधायची.

जुन्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथात, गावाचं नाव शोधा. इंग्रज काळातली गॅझेटिअर राज्याच्या दर्शनिका विभागाने इंटरनेटवर टाकलीत. दोनच ओळी सापडल्या तरी दीडशे वर्षांपूर्वी तिथे काय उभं होतं ते कळतं.

महाराष्ट्रात रोहन काळे यांनी सुरू केलेली बारव मोहीम आहे. तिच्या नकाशावर शेकडो बारवांची ठिकाणं लोकांनी पाठवलेल्या माहितीतून जमा झाली आहेत. तुमची त्यात नसेल तर पाठवा. आसपासच्या तालुक्यांत कोण काय करतंय, हेही तिथूनच कळतं.

गाळ आणि झाडी

महिने फेब्रुवारी ते मे. पाणी खाली गेलेलं असतं आणि शेतीची कामं थोडी सैल असतात. पावसाळा लागायच्या पंधरा दिवस आधी काम बंद झालं पाहिजे, अर्धवट उघडी पडलेली भिंत पावसात सोडू नका.

सुरक्षितता हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद आहे, तो दोनदा वाचा. कुजलेल्या गाळातून आणि बंदिस्त विहिरीतून विषारी वायू निघतात, काही हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. दिवा किंवा कंदील खाली सोडून बघायची जुनी पद्धत पुरेशी नाही, कारण दिवा जळत असतानाही वायू घातक असू शकतो, आणि वायू पेट घेणारा असेल तर दिवाच धोका. खोल, अरुंद किंवा झाकलेल्या विहिरीत अग्निशमन दलाच्या किंवा वायुमापक घेऊन येणाऱ्या माणसाच्या मदतीशिवाय कुणालाही उतरवू नका. उघड्या, रुंद बारवेतही एकटं कुणी उतरायचं नाही, कमरेला दोर हवा, वर दोन माणसं हवीत. विजेचा पंप चालू असताना पाण्यात कुणी नको. विंचू, साप असणारच. सर्पमित्राचा नंबर आणि जवळचं कुठलं सरकारी रुग्णालय सर्पदंशावरची लस ठेवतं, हे आधी विचारून ठेवा. लहान मुलं पायऱ्यांच्या वर, कचरा वेगळा करायला.

पाणी एका दमात उपसू नका. भिंतीमागची माती पाण्याने भिजलेली असते. आतलं पाणी भिंतीला आधार देत असतं. ते झटकन काढलं की मागचा दाब तसाच राहतो आणि भिंत आत येते. थोडं उपसा, थांबा, भिंतीवर भेगा रुंदावतात का बघा, मग पुन्हा थोडं.

जेसीबीचा मोह सगळ्यांना होतो. काठापासून दूर ढीग उचलायला खुशाल बोलवा, पण बारवेत बादली घालायला नाही. या बांधकामात बऱ्याचदा चुना नसतोच, घडीव काळे दगड एकमेकांवर नेमके बसवलेले असतात. यंत्राचा एक धक्का आणि सांधा सुटतो. गाळ घमेल्याने, माणसांची रांग लावून काढा, आणि वर आल्यावर जाड चाळणीतून घाला. कामाला माणसं हवीत तर महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर गावात घ्या. पण शिबिर आलं म्हणून घाई नको. सात दिवसांत जेवढं नीट होईल तेवढंच.

वड, पिंपळ, उंबर दगडांच्या सांध्यात रुजलेले असतात. ओढून काढायचे नाहीत. मुळाबरोबर दगड येतो आणि दगडाबरोबर वरची रांग. बारीक रोपं हाताने निघतात. मोठी झाडं वरून थोडी थोडी छाटायची, खोड तळाशी कापून ते पुन्हा फुटणार नाही अशी प्रक्रिया जाणकाराकडून करून घ्यायची आणि मूळ जागेवर वाळू द्यायचं. एखाद्या ठिकाणी तर आता झाडानेच भिंत धरून ठेवलेली असते. तिथे हात लावायचा नाही. पूजेचं झाड असेल तर चर्चा आणखी लांबते, आणि लांबू द्यावी.

दुरुस्ती: जमेल तेवढी कमी

इथे नव्या मंडळींचा सगळ्यात जास्त उत्साह असतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. काय करू नये ते आधी.

सिमेंट नको. सिमेंट कडक असतं आणि ओल बाहेर पडू देत नाही. ओल मग दगडातून वाट शोधते, बरोबर क्षार आणते, ते पृष्ठभागावर साठतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. कडक सिमेंटच्या शेजारी जुना दगडच आधी झिजतो. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, थोडं हलणं सहन करतो, आणि पुढच्या पिढीला काढून परत करता येतो. चुना भिजवून मुरवावा लागतो, त्यात वाळू, विटांची सुरखी, कुठे गूळ, बेलफळ, हिरडा घातला जायचा. प्रमाण दगडावर आणि हवामानावर ठरतं, म्हणून यूट्यूब बघून घाणी लावू नका. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आणि वारसा-वास्तूंचा अनुभव असलेला वास्तुविशारद लागतोच. इनटॅक ही संस्था १९८४ पासून या क्षेत्रात आहे. तिच्या जवळच्या शाखेकडे विचारलं तर माणसं सुचवतात.

ऑइल पेंट नको, चुन्याची सफेदीही नको, शिल्पांवर चकचकीत वॉर्निश तर नकोच. शेवाळ काढायला ॲसिड नको, वाळूचा मारा करणारं यंत्र नको. मऊ ब्रश, साधं पाणी, पुष्कळ वेळ. पायऱ्यांवर चकचकीत ग्रॅनाइट नको, तो पावसात निसरडाही होतो. काठावर पेव्हर ब्लॉक नकोत: पावसाचं पाणी मुरायचं थांबतं आणि सगळं वाहून बारवेच्या भिंतीमागे जातं.

निखळलेला दगड मूळ जागा नक्की कळत असेल तरच बसवा. आधीचे फोटो, क्रमांक, खाचा जुळल्या पाहिजेत. जागा कळत नसेल तर तो शेजारी नीट रचून ठेवा. अर्धी वास्तू अंदाजाने 'पूर्ण' करण्यापेक्षा ती पडकी राहिलेली बरी. काठावर पाऊस वळवणारा मातीचा चर काढला, दोन-तीन सैल दगडांना आधार दिला आणि वाहून येणारा कचरा थांबवला, तर बहुतेक बारवांचं पुढच्या दहा वर्षांचं काम त्यातच होतं.

पाणी चालू ठेवा

वापर नसलेली बारव पुन्हा उकिरडा होते, हे सगळीकडे सारखं आहे. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल ग्रामपंचायतीत लावा. पिण्यायोग्य नसेल तर फलकावर ठळक लिहा. डासांसाठी आरोग्य केंद्राकडून गप्पी मासे मिळतात. आसपास बोअर किती आणि किती खोल आहेत, त्याचीही यादी करा. बारव आटण्याचं कारण बऱ्याच वेळा शंभर मीटरवरच्या बोअरमध्ये असतं, ते गाळ काढून सुटत नाही.

निर्माल्य आणि विसर्जनासाठी पर्याय आधी उभा करा, बंदी नंतर घाला. गणपतीला एक हौद किंवा टाकी बाजूला ठेवली की लोक ऐकतात. नुसता 'कचरा टाकू नये'चा फलक लावला की कचरा फलकाखाली पडतो.

महाशिवरात्रीला बारवेत दिवे लावायची पद्धत अलीकडे बऱ्याच गावांत सुरू झाली आहे आणि ती चांगली आहे, गाव एकदा तरी खाली उतरतं. पणतीखाली पत्रावळ किंवा वाळू ठेवा, दगडात तेल मुरलं तर डाग जात नाही. शिल्पांवर आणि कोनाड्यांत दिवा नको, काजळी चढते.

आता पाहुणे

गाव स्वतः बारवेवर जायला लागलं, दोन पावसाळे भिंती उभ्या राहिल्या, मगच बाहेरच्यांना बोलवा. त्याआधी रील टाकायचा मोह आवरा. लोक येतात, शौचालय नसतं, गाड्या थेट काठावर लावतात, गाव वैतागतं आणि पर्यटन या शब्दाचीच नावड होते.

पहिल्या पर्यटकाआधी चार गोष्टी हव्यात. शौचालय: नवीन बांधू नका, शाळा, ग्रामपंचायत किंवा मंदिराच्या शौचालयाची किल्ली आणि पाणी शनिवार-रविवारी कोण देणार ते ठरवा. गाड्यांची जागा: काठापासून लांब, अवजड वाहनाचा हादरा जुन्या भिंतीला चांगला नाही. कठडा किंवा दोर: जिथून पडायचा धोका आहे तिथे, वास्तूला भोक न पाडता रोवलेला. आणि एक फलक: बारवेच्या भिंतीवर नाही, वाटेवर. फलकात खात्रीच्या गोष्टीच लिहा, दंतकथा असेल तर 'गावात असं सांगतात' म्हणून लिहा.

पोहायला परवानगी द्यायची की नाही, हे ग्रामसभेने ठरवावं. माझं मत 'नाही'. गावातली पोरं वर्षानुवर्षं पोहतात हे खरं, पण बाहेरचा माणूस शेवाळलेल्या पायरीवरून कॅमेऱ्याकडे बघत उडी मारतो. लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतील, त्यांच्याकडून शुल्क घ्या, धुराच्या कांड्या आणि रंग चालणार नाहीत हे पावतीवरच छापा.

मग पैशांचं गणित. बघायला येणारा माणूस बारवेत वीस मिनिटं थांबतो. वीस मिनिटांत तो गावात काही खर्च करत नाही. अर्धा दिवस थांबला तर जेवतो. म्हणून बारव एकटी विकू नका, आसपासची वाट बांधा. परभणीचंच बघा. वालूरची बारव, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची जुनी देवळं आणि तिथला उंच कोरीव स्तंभ, अशी सलग वाट होऊ शकते. लोणारचं सरोवर बघायला येणारा माणूस थोडी वाकडी वाट करून इकडे वळू शकतो. तुमच्या गावातही वीरगळ, जुना वाडा, हातमागावर बसणारं एखादं घर, आमराई असं काही ना काही असतं. अशा चार ठिकाणांची चालत जायची वाट आखा, सावलीत थांबायच्या जागांसकट.

जेवण बचत गटाकडे द्या. 'उमेद' अभियानातले गट बहुतेक गावांत आहेत. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, हंगामात हुरडा. पनीरची भाजी ठेवायची गरज नाही, पुण्याचा माणूस पनीर खायला दोनशे किलोमीटर येत नाही. आदल्या दिवशी नोंदणी असेल तरच जेवण, म्हणजे अन्न वाया जात नाही. समजा, एका रविवारी ३० माणसं आली आणि जेवणाचे १५० रुपये घेतले, तर ४,५०० रुपये होतात. सामान आणि सरपण वजा जाऊन गटाला काय उरतं, ते आधी एक रविवार घरच्याच पाहुण्यांवर करून बघा. मुक्काम ठेवायचा असेल तर पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत घराची नोंद करता येते. शेतावर ठेवणार असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचा.

वाटाड्या म्हणून गावातलीच मुलं-मुली तयार करा. पाठ केलेलं भाषण नको. आजीने सांगितलेली गोष्ट, शिलालेखातली एक ओळ, दगड कसा बसवलाय ते हात लावून दाखवणं, एवढं पुरतं. मानधन रोखीने आणि त्याच दिवशी.

'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळवायचा विचार लवकरच कुणीतरी मांडेल. प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावासह जातो आणि जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. निधी मिळतो, हे खरं. पण तो बहुतेक वेळा बांधकामाच्या रूपात येतो: कमान, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, सिमेंटचे हत्ती. अर्ज करायचाच असेल तर आपणच आराखडा देऊन जा, त्यात वाट, सावली, शौचालय, फलक आणि पाणी वळवणं लिहा, आणि बारवेपासून किती अंतरावर काहीही बांधायचं नाही ते नकाशावर रेघ मारून दाखवा. अंदाजपत्रक कंत्राटदाराच्या हातात गेल्यावर ती रेघ मारता येत नाही.

दरवर्षीचं काम

एक वही करा, ग्रामपंचायतीत ठेवा. मृगाआधी चर साफ करणं, पावसाळ्यात पडलेल्या दगडांची नोंद, दसऱ्यानंतर रोपटी उपटणं (बोटाएवढी असतानाच, वर्ष गेलं की कुऱ्हाड लागते), महाशिवरात्रीआधी पायऱ्या झाडणं, एप्रिलमध्ये पाण्याची पातळी. जमा-खर्च त्याच वहीत, दर ग्रामसभेत वाचून दाखवायचा. किल्ली, पावतीपुस्तक आणि बँक खातं एकाच माणसाकडे ठेवू नका, तो कितीही सज्जन असला तरी.

पहिल्या वर्षी जिथून फोटो काढले होते, बरोबर तिथूनच दरवर्षी काढा. भेग वाढली, भिंत पोटाकडून फुगली, पायरी खचली, तर ते दोन फोटो शेजारी ठेवल्यावर दिसतं, रोज बघणाऱ्या डोळ्यांना दिसत नाही. असं काही दिसलं की तो भाग दोराने बंद करा, पाहुण्यांना तिकडे जाऊ देऊ नका, आणि फोटोंसकट पत्र सहायक संचालकांना पाठवा. पाच वर्षांपूर्वीचं पहिलं पत्र त्यांच्या फाइलीत असेल तर दुसऱ्याला उत्तर लवकर येतं.